मोटारीचा खरारा

मोटारीला पॉलिश किती दिवसांनी करावं, हा प्रश्न मला आजवर ज्यांनी विचारला, त्यांतल्या निम्म्यांकडे मोटार नव्हती. ज्यांच्याकडे होती ते विचारत नसत, हुकूम देत. संपादकांनीही दिवाळी अंकासाठी याच प्रश्नावर लेख मागितला आहे आणि त्यांच्याकडे सायकल आहे. तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना फराळाकडे वळायचं आहे त्यांना वळता येईल.

मेण वर्षातून चारदा. दसऱ्याला, मग संक्रांतीच्या सुमारास, मग होळीला, ऊन तापायच्या आत, आणि शेवटचं मृगाच्या आधी. घोटाई दोन वर्षांतून एकदा, आणि तीही गाडीने मागितली तर. मालकाने मागितली तर नाही.

या शेवटच्या वाक्यापायी मी एक चांगलं गिऱ्हाईक गमावलं. त्याहून वाईट म्हणजे, ते वाक्य मला योग्य वेळी बोलता आलं नाही.

मी सांगतो आहे ते दिवस वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाचे. लाटसाहेब नागपुरास बसत आणि इकडे येत ते कापसाची आणि आमची पाहणी करायला. माझे वडील अमरावतीत बैलांच्या दमण्या आणि घोड्यांच्या बग्ग्या रंगवत. दमणीच्या साट्यावर, म्हणजे बसायच्या सांगाड्यावर, वेलबुट्टी काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे दमण्या कमी झाल्या, मोटारी वाढल्या, आणि मोटारीवर वेलबुट्टी कोणी मागेना. मी इंग्रजी चार इयत्ता शिकलेला, वाचनालयात बसून हाताला लागेल ते वाचणारा. विलायती रंगाच्या डब्यावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय तेही मी वाचत असे. गावातल्या इतर रंगाऱ्यांत आणि माझ्यात फरक असलाच तर एवढाच. बडनेरा रस्त्यावर मी दुकान टाकलं ते या फरकाच्या भरवशावर.

बाहेरच्या माणसाला एवढंच सांगायचं की मोटारीचा रंग म्हणजे पत्र्यावर एकावर एक चढवलेले पातळ थर असतात. तळाशी लाल अस्तर, त्यावर रंगाचे चार-सहा हात. मेण लावणं म्हणजे त्या रंगाच्या अंगाला तेल लावणं. ऊन, पाणी, धूळ मेणावर बसते, रंगावर बसत नाही. घोटाई म्हणजे वेगळी गोष्ट. डब्यात बारीक दगडाच्या पिठासारखा लेप येतो. तो ओल्या बोळ्याने घासला की वरचा मेलेला थर निघून जातो आणि खालचा ताजा, तकतकीत रंग दिसतो. मालक खूष होतो. पण ती चमक कुठून आली ते तो विचारत नाही. चंदनाचं खोड सहाणेवर उगाळलं की गंध सुंदर निघतं, खोड मात्र तेवढं कमी होतं. मोटारीचं तसंच आहे. फक्त खोड किती उरलं ते डोळ्यांना दिसतं, रंग किती उरला ते दिसत नाही. दिसतो तेव्हा लाल दिसतो.

मेण आमच्याकडे चांगलं मिळे. धारणीकडून जंगलातल्या मधाचं मेण यायचं, ते टर्पेंटाईनमध्ये विरघळवून मी लावायचो. बोळ्यासाठी कापूस तर काय, वऱ्हाडातच होतो. पण त्यातही एक गोम होती. जिनातून आलेल्या कापसात सरकीच्या टरफलाचा एखादा कण राहतो. तो बोळ्यात राहिला की काळ्या गाडीवर अशी रेघ ओढतो की शाळामास्तराने छडीने ओढावी. म्हणून बोळा करायच्या आधी कापूस हाताने पिंजून, उजेडासमोर धरून पाहायचा. पिंजायला बसलो की बायको म्हणायची, "सासूबाई वाती वळतात त्यात तुम्ही बसा, दोन्ही कामं होतील."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. अकोल्याच्या एका वकिलांची हिरवी गाडी माझ्याकडे आली ती देवी आल्यासारखी, अंगभर पांढरे ठिपके घेऊन. वकीलसाहेबांना खात्री होती की प्रतिपक्षाने रात्रीतून काहीतरी शिंपडलं. त्यांनी फिर्यादीचा मसुदाही करून ठेवला होता. मी विचारलं, "गाडी धुता कधी?"

"रोज बारा वाजता. कोर्टात जायच्या आधी धूळ बसायला नको."

"पाणी कुठलं?"

"घरच्या विहिरीचं. आपल्या पट्ट्यातलं पाणी खारं आहे, पिववत नाही. म्हटलं गाडीला तरी लागावं."

भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर खारं पाणी. पाणी उडून जात होतं, खार बसत होता. मी त्यांना सांगितलं की आरोपी आपलीच विहीर आहे, आणि धुवायचंच तर संध्याकाळी, नळाच्या पाण्याने, आणि लगेच कोरडं पुसून. ते थोडे खट्टू झाले. मसुदा चांगला उतरला होता.

एक डॉक्टर गाडीला रॉकेल लावत, कारण रॉकेलने कंदिलाची काच स्वच्छ होते. चांदूर बाजारकडच्या एका संत्र्याच्या बागाईतदाराच्या मातोश्रींनी नव्या गाडीला पहिल्या दिवशी खोबरेल चोपडलं होतं. नव्या बाळाला लावतात तर हिला का नको, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो खोडून काढायला मला पुष्कळ वेळ लागला. गाडी तोवर वावरातून फिरून आली होती आणि भाकरीच्या उंड्यासारखी दिसत होती.

पण सगळ्यांत मोठी चूक होती खराऱ्याची. ती या भागातच होऊ शकत होती, आणि तिच्यात मूर्खपणा नव्हता, उलट चांगलं वळण होतं. इथे ज्यांनी पहिल्या मोटारी घेतल्या त्यांच्याकडे आधी घोडे होते. घोडागाडी हाकणारा साईसच पुढे ड्रायव्हर झाला. आणि साईसाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की सकाळी उठून जनावराला खरारा केला नाही तर ते आजारी पडतं. त्यामुळे वऱ्हाडातल्या निम्म्या मोटारींना रोज सकाळी खरारा होई. कोरड्या फडक्याने, जोर लावून, मानेपासून शेपटीकडे. रात्रभर बसलेली काळ्या मातीची धूळ त्या फडक्याखाली कानशीसारखी फिरे.

रावसाहेबांचा कासम त्यांतलाच.

रावसाहेब म्हणजे चांगल्या तीन-चार गावांचे देशमुख, अमरावतीत मोठा बंगला, म्युनिसिपालिटीत वजन. रावसाहेब ही पदवी त्यांना मिळालेली होती आणि रावबहादूर व्हायचं राहिलं होतं. या दोन शब्दांमधलं अंतर कापण्यात त्यांची उमेदीची वर्षं चालली होती. त्यांची काळी, लांबलचक अमेरिकन मोटार हे त्या प्रवासाचं वाहन होतं.

कासमचाचा त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. बावीस वर्षांपूर्वी घोड्यांवर लागला, घोडे गेले तरी हा राहिला. उंच, सुकलेला, दाढीला मेंदी. गाडी हाकताना वळणावर तो अजूनही जिभेने टक् टक् आवाज काढी.

मी दुकान टाकलं त्या वर्षी रावसाहेबांची गाडी माझ्याकडे आली. तिच्या अंगावरच्या बारीक रेघा पाहून मी रावसाहेबांना सरळ सांगितलं, की आपला ड्रायव्हर गाडीला खरारा करतो आहे आणि त्याने रंग जातो आहे. नवं दुकान होतं. आपल्याला काय काय कळतं हे दाखवायची घाई होती. रावसाहेबांनी कासमला माझ्यादेखत झापलं.  नंतर दुकानाबाहेर तो मला म्हणाला, "काहून रे वासू, हे मलेच सांगतलं असतं तं मी आयकलं नसतं काय?"

मी म्हटलं, "चाचा, घोड्याचे केस परत उगवतात. रंग उगवत नाही."

"हे चांगलं सांगतलं," तो म्हणाला. "हे आधी सांगाचं ना."

त्या दिवसापासून त्याने खरारा सोडला. रिठ्याच्या पाण्याने धुवायचं, भरपूर पाणी ओतायचं, मग मऊ चामड्याने नुसतं टिपायचं. मी शिकवलं आणि त्याने माझ्यापेक्षा चांगलं केलं. गाडी झाडाखाली उभी करायची तर कडुनिंबाखाली, चिंचेखाली नाही, कारण चिंचेवर बगळे बसतात, हे मला त्याने शिकवलं.

खरारा सुटला, पण रावसाहेबांना दुसरं लागलं. अकोल्याच्या एका जिनवाल्या शेटजींनी नवी गाडी आणली. ती चमके, कारण ती नवी होती. रावसाहेबांना वाटे, आपल्याकडून काहीतरी कमी पडतंय. पहिल्यांदा घोटाई केली तेव्हा ते बोनेटमध्ये आपला फेटा पाहून इतके खूष झाले की दोन महिन्यांनी पुन्हा आले. मग दर महिन्याला.

"चमकून नाही राहिली पेंटर. मारा एक हात."

"रावसाहेब, मेण लावतो. घोटाई इतक्यात नको."

"मेण तं दिव्याले लागते. तुमी घोटा."

आणि मी घोटायचो. खरं सांगायचं तर मला येत होतं ते सगळं ज्ञान मी त्या वेळी खिशात ठेवायचो. रावसाहेबांची गाडी दुकानासमोर उभी असली की गोऱ्यांच्या कँपातले दोन साहेब थांबून पाहून जात. त्यांतले कधी कधी आत येत. ज्या माणसाच्या मागून दुसरी गिऱ्हाइकं येतात त्याला नाही म्हणायला जी जीभ लागते, ती तीन वर्षांच्या दुकानाला फुटलेली नसते.

मग एका हिवाळ्यात बातमी आली की लाटसाहेब अकोल्यास कापसाचं काहीतरी पाहायला येणार. स्टेशनापासून डाक बंगल्यापर्यंत मोटारींची रांग निघणार आणि त्या रांगेसाठी जिल्ह्याजिल्ह्यातून चांगल्या मोटारी मागवल्या होत्या. रावसाहेबांच्या मोटारीला बोलावणं आलं. रावसाहेबांनी ते पत्र मला स्वतः दाखवलं, अमरावतीत जवळजवळ सगळ्यांना दाखवून झाल्यावर.

"आरसा पायजे पेंटर. लाटसाहेबाले त्याची मिशी दिसली पायजे."

मी म्हटलं, "रंग पातळ झालाय. आता घासायला नको."

"तुमी भेता फार."

निघायच्या आठ दिवस आधी मी घोटाई घेतली. बोनेट झालं, दारं झाली, मागची बाजू झाली. उजव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डच्या माथ्यावर, जिथे पत्रा वळतो आणि हात आपोआप जास्त दाबला जातो, तिथे बोळा फिरता फिरता काळ्यातून तांबूस छटा वर आली. मी हात उचलला तोवर संत्र्याएवढं लाल अस्तर उघडं पडलं होतं.

त्याला योग्य उपाय होता. पूर्ण मडगार्ड पुन्हा रंगवायचं, वाळू द्यायचं, मग हलक्या हाताने सपाट करायचं. आठ दिवसांत ते झालंही असतं. पण त्यासाठी रावसाहेबांना सांगावं लागलं असतं की लाल का निघालं. मी काय केलं ते लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय हा लेख म्हणजे निव्वळ पॉलिशच होईल. मी घरून काजळ आणलं, ते मेणात कालवलं आणि त्या डागावर बोटाने जिरवलं. वरून कोरडं मेण फिरवलं. दोन हात लांबून ओळखू आलं नसतं. गाडी न्यायला कासमचाचा आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, त्या मडगार्डपाशी किंचित थांबला, आणि बसला.

रावसाहेबांचा आग्रह की पेंटरने बरोबर यावं, आयत्या वेळी हात मारायला. म्हणून मीही अकोल्याला गेलो, पुढे कासमचाचाच्या शेजारी, मांडीवर मेणाचा डबा. आदल्या संध्याकाळी रावसाहेबांच्या मेव्हण्यांकडे उतरलो. सकाळी कासमचाचाने गाडी धुतली. रावसाहेब जरीचा फेटा बांधून बाहेर आले, गाडीभोवती हिंडले, आणि उजव्या मडगार्डवर त्यांना पाण्याचा एक थेंब दिसला. त्यांनी खिशातला पांढरा रेशमी रुमाल काढला आणि स्वतःच्या हाताने तो थेंब पुसला. जोर लावून पुसला.

रुमाल काळा झाला आणि मडगार्ड लाल.

 मेव्हण्यांचं कुत्रं भुंकू लागलं. मग रावसाहेब कासमकडे वळले.

"खरारा," ते म्हणाले. "तुले पेंटरनं सांगतलं होतं का नाही? म्या सांगतलं होतं का नाही?"

कासमचाचाने माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंच म्हणाला, "जी. सांगतलं होतं."

"माह्या बापाच्या येळचा म्हणून ठेवला तुले. अमरावतीले पोचलो का चावी दिवानजीजोळ ठेवजो. उद्यापासून येऊ नको."

"जी."

पुरावा भक्कम होता, आणि तो मीच पुरवलेला होता. तीन वर्षांपूर्वी हा ड्रायव्हर रंग घासून काढतो असं सांगणारा साक्षीदार मडगार्डपाशी उभा होता, हातात मेणाचा डबा घेऊन. साक्षीदाराने तोंड उघडलं नाही.

रांगेला अर्धा तास उरला होता. कासमचाचा शांतपणे फाटकाबाहेर गेला. रस्त्यावर कापसाची एक बंडी उभी होती, तिच्या आसाचं काळं वंगण त्याने दोन बोटांवर घेतलं, डागावर सारवलं आणि बोटाच्या कडेने इतकं सफाईने एकजीव केलं की मला माझ्या काजळाची लाज वाटली. नोकरी गेलेल्या माणसाने ती गाडी रांगेत नेऊन उभी केली.

रांगेत तिचा नंबर सहावा होता. लाटसाहेब पहिल्या मोटारीत बसले. दुसरीत लेडीसाहेब. सहावीत साहेबांचा एक कारकून, टाइपरायटर आणि सोडावॉटरच्या बाटल्यांची पेटी बसली. शेटजींच्या मोटारीचा नंबर आठवा होता आणि तिच्यात फक्त हॅटचे डबे होते, हा रावसाहेबांना त्या दिवशीचा एकमेव दिलासा. मिशी कोणी कशात पाहिली नाही. धूळ इतकी होती की तिसऱ्या मोटारीपासून पुढच्या सगळ्या एकाच रंगाच्या दिसत होत्या.

दुपारी परत निघालो. मागे रावसाहेब, पुढे कासमचाचा आणि मी. अमरावती आली की याची बावीस वर्षं संपणार, हे गाडीतल्या तिघांनाही ठाऊक होतं, आणि ती वाचवता येतील असं काहीतरी एकट्या मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं. मी रस्त्यावरचे मैलाचे दगड वाचू लागलो. प्रत्येक दगडाला ठरवायचो की पुढच्या दगडाला बोलायचं. मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो, आणि ती सगळी चांगली जुळत होती. वाचनाचा तोटा हाच. वाक्य चांगलं झालं की काम झाल्यासारखं वाटतं.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. रेडिएटरला पाणी घालायचं होतं. रावसाहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसले, त्यांच्यासाठी चहा आला. मी आणि कासमचाचा विहिरीवर गेलो. त्याने पोहरा सोडला, भरला, वर ओढला. मग पोहरा काठावर टेकवून, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तबियत ठीक हाय ना तुही? काही म्हणाचं हाय काय?"

"नाही चाचा," मी म्हटलं. "काही नाही."

"बरं," तो म्हणाला आणि पाणी घेऊन गेला.

मूर्तिजापूर मागे पडलं. वाटेत कापसाच्या बंड्यांची रांग लागली, कासमचाचाने सवयीने टक् टक् करत तिच्यातून वाट काढली. रावसाहेबांचा डोळा लागला होता. ऊन कलायला आलं. बडनेरा दिसू लागलं आणि मला कळलं की आता दगड संपत आलेत.

बडनेऱ्याला रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. कासमचाचाने इंजिन बंद केलं आणि सगळं एकदम शांत झालं. मी मागे वळलो. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवलं नाही.

"रावसाहेब, तो डाग चाचांनी केला नाही. मी केला. घोटाईत निघाला. मी वरून काजळ लावलं होतं."

रावसाहेबांनी डोळे उघडले. झोपले नव्हतेच बहुधा.

"काजळ?"

"जी. मेणात कालवून."

"मंग माह्या रुमालाले लागलं ते तुमच्या घरचं काजळ."

"जी. आणि चाचांनी खरारा तीन वर्षांपूर्वीच सोडला. नुसतं धुतात."

"मंग घासलं कोनं इतकं?"

"मी."

"काहून?"

मालगाडी आली. तिच्या आवाजात उत्तर द्यायची सोय नव्हती आणि मला ते बरं वाटलं. रावसाहेब डबे मोजल्यासारखे गाडीकडे पाहत बसले. शेवटचा डबा गेला, आवाज दूर गेला आणि प्रश्न अजून तिथेच होता.

"आपण सांगत होता," मी म्हटलं. "आणि मी नाही म्हणत नव्हतो."

आपल्या तोंडावर असं कोणी बोललेलं रावसाहेबांनी बहुधा बऱ्याच वर्षांत ऐकलं नसावं. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. डोकं पुसायला खिशात हात घातला, तोच काळा रुमाल हाताला आला, तो परत ठेवला.

"फाटक उघडलं, कासम," ते म्हणाले.

बंगल्याच्या पायरीशी गाडी थांबली. कासमचाचाने उतरून दार उघडलं आणि तळहातावर चावी ठेवून हात पुढे केला. रावसाहेब चावीकडे न पाहता पायरी चढले. वरच्या पायरीवरून मागे न वळता म्हणाले, "सकाळी साडेसातले काढजो. कचेरीत जाचं हाय."

मला काही म्हणाले नाहीत. त्यानंतर कधीच काही म्हणाले नाहीत. मडगार्ड दुसरीकडे रंगवलं गेलं. तिथला रंगारी रावसाहेब सांगतील तेव्हा आणि सांगतील तितकं घोटून देणारा होता, म्हणून त्याचं नि त्यांचं जमलं. दोन वर्षांत ती गाडी कडाकडांनी नवरीसारखी लाल झाली. कँपातली गिऱ्हाइकंही काही काळ थांबली. रावबहादूर ही पदवी पुढे आली, पण तेव्हा गाडी विटांवर उभी होती आणि युद्धामुळे पेट्रोल कोणालाच मिळत नव्हतं.

मी मात्र दुकानात एक नियम केला, तोच जो वर सांगितला. त्यामुळे काही लोक आले तसे परत गेले. जे राहिले त्यांच्या गाड्यांचा रंग दहा-दहा वर्षं टिकला. अर्थात रंग टिकला की रंगाऱ्याचं काम कमी होतं. हे त्या नियमात आधी लक्षात आलं नव्हतं.

अकोल्याहून आल्यावर चार-पाच दिवसांनी कासमचाचा दुकानी आला. गाडी नव्हती, पायी. रंगाच्या पालथ्या डब्यावर बसला. मी चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "चाचा, मला माफ करा. तुम्हाला वाटलं असेल की मी तुम्हाला बुडवतो आहे. तुम्हाला काय माहीत, डाग माझा होता ते."

त्याने बशीत चहा ओतला.

"गाडी तुह्या दुकानातून नेली त्याच दिवशी माईत होतं," तो म्हणाला. "त्या जागेले हात लावला, बोट काळं झालं. आठ दिवस म्या तिथी फडकं नाही लावलं. आजूबाजूनं धुतलं. त्याईनं रुमाल काढला तवाच म्या म्हटलं, गेली."

"मग सांगितलं का नाही? तुमची नोकरी जात होती."

"म्या सांगतलं असतं तं तुही दुकान जात होती." तो बशीत फुंकर घालत होता. "आन मले वाटलं, पोरगा शिकेल हाय, सोता बोलीन."

"बोललो ना."

"बोलला," तो म्हणाला. "बोलला. नाही कसं."

त्याने चहा संपवला, बशी कपावर पालथी ठेवली आणि उठला. दाराशी जाऊन थांबला.

"तू मूर्तिजापूरलेच बोलशीन, असं म्या धरलं होतं," तो म्हणाला, आणि बंगल्याच्या दिशेने चालू लागला.